होरेमहेबची अर्धवट भिंत

इजिप्तची कला म्हटलं की कॅमेरा आधी वळतो तूतनखामुनच्या सोन्याच्या मुखवट्याकडे. मुखवटा डोळे दिपवतो, पण काम कसं झालं याचा पत्ता लागू देत नाही. तो पत्ता हवा असेल तर लक्सरला नाईल ओलांडायची आणि राजांच्या खोऱ्यातल्या ५७ क्रमांकाच्या थडग्यात उतरायचं.

हे थडगं होरेमहेबचं. आधी सेनापती, मग अठराव्या राजवंशाचा शेवटचा राजा. १९०८ मध्ये पुरातत्त्वज्ञ एडवर्ड आयर्टन यांना ते सापडलं. वाटेतल्या खोलीत निळसर करड्या भिंतींवरचे देव अजून ताजे दिसतात. पण शवपेटीच्या दालनात काम मध्येच थांबलंय, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीनं हे फार बरं झालंय.

ही भिंत नीट बघा. लाल रेषा म्हणजे पहिलं रेखाटन. तिच्यावर काळी रेषा आहे, ती वरिष्ठ चित्रकाराची दुरुस्ती. जरा पुढे त्याच काळ्या रेषेच्या कडेनं छिन्नी फिरलीय. आजूबाजूचा दगड उतरवलाय, आकृती वर आलीय. रंगाची पाळी आलीच नाही. याआधी खोऱ्यातल्या राजथडग्यांत भिंतीवर नुसतं रंगवत. कोरून रंगवायला इथून सुरुवात झाली.

इजिप्तचे चित्रकार प्रमाण डोळ्याच्या अंदाजावर सोडत नसत. दोरी लाल रंगात बुडवायची, ताणायची, ओढून सोडायची. आपला सुतार लाकडावर सूत मारतो, तसंच. अशा रेषांनी चौकोन आखायचे. उभ्या माणसाला तळव्यापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन. सहाव्या रेषेवर गुडघा, सोळाव्यावर खांदा. चौकोन मोठा घेतला की राजा मोठा, ठेवण तीच. म्हणूनच एका भिंतीवर अनेक हात चालले तरी आकृती बिघडत नसे.

चेहरा बाजूनं, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूनं. ‘त्यांना जमत नव्हतं’ असं अजूनही ऐकू येतं. इतकी काटेकोर आखणी करणाऱ्यांना? प्रत्येक अवयव जिथून सर्वांत स्पष्ट दिसतो, तिथून तो काढायचा, असा त्यांचा नेम होता.

हे कारागीर डोंगरापलीकडच्या वस्तीत राहत. आज तिला देर अल-मदिना म्हणतात. मजुरी धान्यात मिळे. तिथे सापडलेल्या नोंदींत छिन्न्यांचाही हिशेब आहे. तांबं राजाचं, त्यामुळे छिन्नी वजन करून द्यायची आणि झिजली की वजन करूनच परत घ्यायची.