दुसऱ्या चहाची केस

या, पुढे बसा, पुढच्या खुर्च्या मॅनेजमेंटसाठी राखीव नाहीयेत. विषय दिलाय ‘कामाच्या अटींतले बदल आणि नवा कायदा’. कायद्यावर येतोच, आधी चहा.

आमच्या कंपनीत, नाव नाही घेत, सेकंड शिफ्टला दोन चहा मिळायचे. दुसरा साडेसातला. मोठी अ‍ॅल्युमिनियमची किटली, कान तुटलेला, तारेनं बांधलेला. एका सोमवारी किटली आलीच नाही, बोर्डावर कागद, ‘उत्पादकता वाढीसाठी’. एका कपासाठी कोर्टात जायचं का, असं मीच म्हणालो होतो तेव्हा! पण पोरं पेटली, कारण कप राहू दे, ती दहा मिनिटं बूड टेकायला मिळायचं ना, ते गेलं, आणि आम्हाला विचारलं कोणी?

औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९अ. त्याच्या चौथ्या शेड्यूलमधलं, म्हणजे कामाच्या अटींच्या यादीतलं, काही बदलायचं तर तेव्हा २१ दिवस आधी नोटीस लागायची, आणि त्या यादीत चालत आलेली सवलत काढून घेणंही यायचं. कंपनीचे वकील म्हणाले, चहा ही मेहेरबानी. आमच्या म्हाताऱ्या टर्नरला उलटतपासणीत विचारलं, किटली कधीपासून? म्हणाला, साहेब, मी लागलो तेव्हाच तिचा कान तुटलेला होता. स्टेनोसुद्धा हसली. वर कंपनीनंच खर्च दाखवायला कँटीनची बिलं दाखल केली, त्यात चौदा वर्षं रोज दोन चहा! जिंकलो, सहा वर्षांनी. तोवर किटली भंगारात, चहाचं मशीन आलेलं आणि मला शुगर.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर. १९७२ साली टाटा स्टीलच्या केसमध्ये रविवारची सुट्टी दुसऱ्या वारावर नेली, सुप्रीम कोर्ट म्हणालं नोटीस हवीच. १९९९ ला लोकमतची केस, छपाईचे खिळे हातानं जुळवणारे गेले, फोटोकंपोझिंग आलं, तिथंही नोटीस आधी, कामगारकपात नंतर. आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. ९अ च्या जागी कलम ४०, २१ दिवस तेच. पण तातडीची गरज असेल तर मालक-कामगार दोघांची माणसं असलेल्या तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून नोटिशीविना शिफ्ट बदलता येते, म्हणजे समितीवर आपली माणसं कोण बसवताय ते बघा.

आणि नोटीस म्हणजे आपली संमती घेणं नव्हे हो! २१ दिवस संपले की मालक बदल करायला मोकळा. त्या आत कन्सिलिएशन, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यापुढची समेटाची बोलणी, सुरू करून घेतलं तर त्या वादातली अट परवानगीशिवाय आपल्या तोट्यात बदलता येत नाही, पूर्वी कलम ३३, आता ९०. मालक नोटीस टाळतात ते याच्यासाठी, कागद वाचवायला नाही.

बोर्डावरच्या कागदाचा फोटो काढा, तारखेसकट. आमचा कागद आमच्याच एकानं रागात फाडला होता, तो शोधण्यात तीन तारखा गेल्या. हो हो, देतो माइक.