अंबारखाना: छतातल्या सोळा तोंडांचं गणित

[दृश्य: पन्हाळा. गंगा कोठीची गच्ची]

अंबारखाना बहुतेक जण खालून बघतात आणि पुढे सज्जा कोठीकडे वळतात. हे कोठार कळायला मात्र गच्चीवरच यावं लागतं. पायांशी दिसणारी ही भोकं झरोके नव्हेत, धान्य ओतायची तोंडं आहेत.

गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या, आदिलशाही घडणीच्या. गंगा सर्वांत मोठी. क्षेत्र सुमारे 10,200 चौरस फूट, उंची 35 फूट. आत 16 खण, प्रत्येकावर चपटा घुमट आणि घुमटागणिक एक तोंड.

एकाच तोंडाने का भागलं नसतं? धान्य ओतलं की ढिगाला उतार पडतो, साधारण 25 ते 30 अंशांचा. तोंडाखाली ढीग छताला टेकला, तरी 15 फुटांवर तो सात-आठ फूट खालीच असतो. ती पोकळी भरायची तर धुळीत, अंधारात माणसं उतरवून धान्य ओढावं लागणार. सोळा तोंडांनी सोळा लहान ढीग होतात. वर घुमटाचा आकारही ढिगाच्या आकाराशी जुळणारा. फार विचारपूर्वक केलेलं काम आहे हे.

[दृश्य: कोठीचा आतला भाग]

काढताना अडचण वेगळी. दारापाशी उपसलं की वरचं धान्य घसरत येतं आणि कोपऱ्यातलं जुनं तसंच पडून राहतं. कीड तिथेच धरते. म्हणून नवं धान्य भरण्याआधी कोठी कोपऱ्यांसकट झाडून काढायला हवी.

त्याहून मोठा शत्रू पाऊस. गच्चीवरचं एक तोंड नीट झाकलं नाही, तर पाणी थेट ढिगाच्या शेंड्यावर. ओलं धान्य तापतं, त्याला मोड येतात, बुरशी धरते आणि ओल खाली झिरपत जाते. पाऊस, उंदीर, मुंगी, वाळवी यांपासून अंबारखाना जपावा, जमिनीला दगडाचा गच्च, म्हणजे पक्की फरसबंदी, करावा, असं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बजावतं, ते याचसाठी.

1660 च्या मार्चमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर आले, सिद्दी जौहरने वेढा घातला, आणि 12 जुलैच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले. चार महिन्यांहून जास्त काळ गडावरच्या शिबंदीला याच साठ्याचा भरवसा.

[दृश्य: कोठीची बाहेरची भिंत]

आता तो प्रसिद्ध आकडा: गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं, असं सांगतात. खंडी म्हणजे 20 मण, पण मण जागोजागी वेगळा. 40 किलोचा मण धरला तर 20,000 टन होतात. गंगा कोठीचं बाहेरून मोजलेलं सगळं घनफळ 3,57,000 घनफूट. घनफुटाला 21 किलो धरले तरी 7,500 टनांच्या वर काही मावत नाही. मुंबईची 560 पौंडांची, म्हणजे 254 किलोंची खंडी घेतली, तर 6,350 टन होतात. भिंती आणि घुमटांची जाडी वजा केल्यावर तेवढंही एकट्या गंगेत बसणं कठीण. आमच्या मते हा आकडा लहान खंडीचा आणि तिन्ही कोठ्यांचा मिळून असावा.