सहा ते दहा

(कोल्हापूर, राजारामपुरी. पहाट. अर्ध्या उजेडातली गल्ली, बंद शटर.)

सहाला पाच मिनिटं कमी आहेत. शटरसमोर मोपेड उभी आहे. पायाशी मेथी-घेवड्याची पिशवी, मागच्या सीटला दोरीनं आवळलेला बर्फाचा खोका. किल्ली वहिनींच्या हातात आहे, पण त्या कुलूप उघडत नाहीत. आतलं स्वयंपाकघर त्यांचं आहे ते सकाळी सहा ते दहा. सहाच्या आधी आत जायचं नाही आणि दहानंतर थांबायचं नाही, असं करारातच लिहिलंय.

वहिनी जेवणाचे डबे करून विकतात. गल्लीतली सगळी त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

(शटर वर जातं. दिवे लागतात. स्टीलची टेबलं, तीन मोठ्या शेगड्या, धुराडं.)

ही जागा पूर्वी मेस होती. मेस बंद पडली, पण मालकांनी शेगड्या, मोरी, धुराडं आणि दोन फ्रिज काढले नाहीत. जागा तासांवर भाड्यानं द्यायला सुरुवात केली. सकाळी वहिनी, दहानंतर एक केटरिंगवाले, संध्याकाळी मोमो करणारा एक तरुण. एकाच ओट्यावर दिवसात तीन धंदे चालतात.

वहिनींची सुरुवात घरातल्या दोन शेगड्यांवर झाली. आठ डब्यांपर्यंत ठीक चाललं. पंचविसावर आकडा गेला आणि घर कोलमडलं. "डबे वाढले तशी घरातलीच माणसं उपाशी राहायला लागली," त्या सांगतात. "सासऱ्यांचा सकाळचा चहा नऊ वाजता. मला लाजच वाटायची. म्हटलं, आता बाहेर जागा बघतो." कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, मी जातो, मी करतो. या चित्रफितीत आम्ही ते बदललेलं नाही.

जागा शोधायला दोन महिने गेले. जयंती नाल्याकडेला एक जागा फार स्वस्तात मिळत होती. भांडी ठेवायला मांडणी होती, पाण्याची टाकीही मोठी. वहिनी जवळजवळ हो म्हणून बसल्या होत्या. शेजारच्या आजींनी त्यांना बाहेर बोलावलं आणि भिंतीवरची एक रेघ दाखवली. २०१९ च्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. २०२१ ला पुन्हा आलं. जुलै उजाडला की अख्खं कोल्हापूर एकमेकांना एकच प्रश्न विचारतं, पाणी किती फुटाला? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. रोजचं जेवण विकणाऱ्याला हे आकडे भाड्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असतात. कोल्हापुरात कुणी स्वयंपाकघर भाड्यानं घेणार असेल, तर मी म्हणेन, आधी शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना भेटा, मग मालकाला.

कागदपत्रांची भीती वहिनींना उगाचच जास्त वाटत होती. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्याखाली नोंदणी ऑनलाइन होते आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची. जागा एक असली तरी तिथं शिजवणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी वेगळी हवी. मालकाचा जुना क्रमांक आपल्या डब्यावर छापता येत नाही. भाडेकरार लागतो, आणि अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी. गॅस घरातला १४.२ किलोचा चालत नाही, व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा लागतो, बहुतेक १९ किलोचा.

(सहा दहा. मोठ्या टोपात मटकी शिजते आहे.)

आता नीट बघा, वहिनी आधी काय शिजवतात. दुपारचा डबा नाही. पहिलं शिजतं ते संध्याकाळचं.

त्यांची गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची आहेत. दुपारी जेवणारे म्हणजे विद्यापीठाकडची मुलं, उद्यमनगरातले कामगार, सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या काही नर्सेस. रात्री जेवणारे बहुतेक म्हातारे. मुलं पुण्याला, इथं घरात दोघंच, आणि दोघांसाठी शेगडीपुढं उभं राहायला गुडघे नको म्हणतात. त्यांच्याकडे संध्याकाळी थंड डबा जातो, तो ते घरी गरम करून खातात. हे तयार जेवण सगळ्यात अवघड आहे, आणि त्याची अवघड गोष्ट शिजवण्यात नाही, निववण्यात आहे.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मसालेभात केला होता. छान मोकळा, वर ओलं खोबरं. गरम गरमच डब्यांत भरला, झाकणं लावली, एकावर एक रचून फ्रिजमध्ये ठेवला. बाहेरचे डबे गार झाले, मधले संध्याकाळीही कोमट होते. झाकणाला आतून पाणी सुटलेलं. वास काही आला नाही, म्हणून डबे गेले. रात्री एका आजोबांना उलट्या झाल्या.

"मी लई घाबरलो," वहिनी सांगतात. "दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. पाया पडलो. पैसे परत दिले. आजी म्हणाल्या, अगं होतं असं. पण मला ठाऊक होतं, ते माझ्यानंच झालं."

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. आपल्याकडे भात विटला की वास येतो, तार सुटते, आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. पण इथं वास यायच्या आधीच नुकसान झालेलं असतं. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यातून त्याला शक्य तितक्या लवकर पार करायचं.

(वहिनी परातीत भात पसरतात. टोप बर्फाच्या पाण्यात बसवतात. थर्मामीटरची सुई आमटीत.)

म्हणून संध्याकाळचं जेवण सकाळी सहाला. सात वाजता उसळ उतरते. टोप बर्फाच्या पाण्यात बसवून सारखी ढवळायची. भात मोठ्या परातीत बोटभर उंचीचा पसरायचा. दोन तासांत ६० वरून २१ अंश, आणि पुढच्या चार तासांत ५, असा नियम. वहिनी तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवतात, आणि दहाला निघताना पुसून टाकतात, कारण भिंतही भाड्याची आहे. फ्रिजमधला एक कप्पा त्यांनी महिन्यावर वेगळा घेतलाय. डबे पाच वाजता तिथून बर्फाच्या खोक्यात जातात.

खरं सांगायचं तर मी इथं चव बघायला आलो होतो. विद्यापीठात शिकताना तीन वर्षं मेसचा डबा खाल्लाय. त्या डब्यातली आमटी दुपारी दोनला कशी लागायची हे अजून जिभेवर आहे. तेव्हा मला वाटायचं, करणाऱ्याला करता येत नाही. इथं बसल्यावर कळलं, ती आमटी सकाळी चांगलीच असणार. पुढचे पाच तास तिच्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

पांढरा रस्सा वहिनी डब्यात देत नाहीत. लोक फार मागतात. मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध घातल्यावर त्याला जोराची उकळी चालत नाही, रस्सा फाटतो. तो ताटात गरम वाढायचा पदार्थ आहे. तीन तास डब्यात ठेवून वर पुन्हा उकळायचा, हे त्याला सोसत नाही. तांबडा टिकतो, त्यातली चटणी आणि तेल त्याला सांभाळून घेतात.

आणि चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी. वहिनी वर्षाची चटणी उन्हाळ्यातच डंकावर कुटून आणतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. रोज बाजारातून पुडी आणली तर सोमवारची आमटी आणि गुरुवारची आमटी वेगळी लागणार, आणि रोज जेवणाऱ्याला तो फरक पहिल्या घासाला कळतो. पण त्यासाठी एप्रिल-मेमध्ये एकरकमी पैसे हातात लागतात. नव्यानं सुरू करणारे शेगडी आणि डब्यांचा खर्च धरतात, हा धरत नाहीत.

(वहीचं पान. निळ्या शाईतले आकडे.)

वहिनींनी वही आमच्यापुढं उघडून ठेवली. दुपारचा डबा ११० रुपयांना. त्यात जिन्नस ४८, ऊसाच्या चिपाडाचा डबा ९, जागा आणि गॅस २२, पोचवणं १२. राहिले १९. चाळीस डबे गेले की दिवसाचे ७६०. त्यातून भाकरी थापायला येणाऱ्या मावशींचे ३००. वहिनींच्या हातात ४६०.

तासाला १५० प्रमाणे चार तासांचं भाडं ६००. चाळीस डब्यांवर ते डब्यामागे १५ पडतं. पंचवीसच गेले तर २४. म्हणजे १९ मधले ९ तिथंच संपले. दिवाळीच्या सुट्टीत मुलं गावी जातात तेव्हा नेमकं हेच होतं, म्हणून त्या आठवड्यात वहिनी दोनच तास घेतात. स्वतःची जागा असती तर हे करता आलं नसतं. मला वाटतं, पहिली दोन वर्षं जागा भाड्यानंच घ्यावी, पैसे असले तरी.

(मोपेड. दसरा चौकातून सीपीआरकडे.)

पहिलं गिऱ्हाईक मिळवणं सगळ्यांनाच जड जातं. डबे घेऊन वहिनी ज्या भाऊसिंगजी रोडवरून जातात, तिथंच शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं होतं. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. पहिल्यांदा चहा प्यायला गाडी थांबवली ती राजर्षी शाहू महाराजांनी, आणि सोबतच्यांनाही तिथंच पाजला. त्या रस्त्यावरून जाताना मला दर वेळी ती गोष्ट आठवते. दुकान काढायला पैसे देणं आणि तिथं बसून खाणं, या दोन वेगळ्या मदती आहेत. वहिनींना पहिले पैसे भावानं दिले. पहिला डबा घेतला तो समोरच्या काकूंनी, ज्या स्वतः उत्तम स्वयंपाक करतात.

(नऊ पन्नास. ओटा घासला जातोय. दारात केटरिंगवाल्यांचा टेम्पो.)

शेवटची दहा मिनिटं घासण्याची. ओटा, मोरी, शेगडीच्या जाळ्या. नंतर येणाऱ्याला आपल्या चटणीचा वाससुद्धा लागता कामा नये, असं वहिनी म्हणतात. मावशी उरलेल्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधतात. खडूचे आकडे पुसले जातात. शटरबाहेर एक पोरगा पातेली घेऊन थांबलाय. तो आत येतो, वहिनी बाहेर.

फोन वाजतो. तेच आजोबा. मसालेभातानंतर त्यांनी डबा तीन आठवडे बंद ठेवला होता, मग आपण होऊन पुन्हा लावला. उद्या कारलं आहे का, विचारताहेत.

"आहे की, आजोबा. नको असलं तर दोडका टाकतो."

पलीकडून काहीतरी बोलणं होतं. वहिनी मोपेडच्या सीटवर वही टेकवून लिहितात, पाचवा डबा, दोडका, तिखट कमी.