गु.र.नं. पासून निकालापर्यंत : साताऱ्यातली एक शोधाशोध

(दृश्य: सकाळचा पोवई नाका, एसटीतून उतरणारी माणसं, कोर्टाच्या दिशेनं चाललेले पांढरा शर्ट-काळा कोट)

आमच्या पेठेतल्या एका काकांनी मागच्या वर्षी मला बोलवून घेतलं आणि दार लावून घेतलं, म्हणजे विषय काहीतरी नाजूक असणार हे तेव्हाच कळलं. मुलीला स्थळ आलं होतं कोरेगाव बाजूचं, मुलगा चांगला, शेती आहे, नोकरी आहे, पत्रिका पण जुळली, आणि मग मुलीच्या मामानं कुठून तरी ऐकून आणलं की पोराला अटक झाली होती म्हणे. झाली होती म्हणे, एवढंच. कधी, कशात, पुढं काय झालं, कुणालाच माहीत नाही. काका म्हणाले, तू ते कॉम्प्युटरवर बघतोस ना, जरा बघ की.

(दृश्य: मोबाईलची स्क्रीन, बोट फिरतंय)

आता हे बघता येतं हेच पुष्कळ लोकांना माहीत नसतं. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या सप्टेंबरमध्ये सांगितलं की एफआयआर नोंदवली की २४ तासांत ती पोलिसांच्या नाहीतर राज्य सरकारच्या वेबसाईटवर टाकायची, नेटवर्कची वगैरे अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक अत्याचाराचे, पोक्सोचे म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचे, दहशतवादाचे असे संवेदनशील गुन्हे सोडून, आणि ते सोडलेत ते बरोबरच आहे, पीडितेचं नाव बाहेर येता कामा नये. बाकी एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून बघता येते. आणि अटकेचं म्हणाल तर नवीन कायदा १ जुलै २०२४ पासून आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम ३७ मध्ये लिहिलंय की अटक झालेल्याचं नाव, पत्ता, कुठल्या गुन्ह्यात अटक झाली हे प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावायचं, डिजिटल पण चालेल, आणि त्यासाठी सहायक फौजदाराच्या खालचा नाही असा अधिकारी नेमायचा. अटकेची माहिती लपून राहू नये, घरच्यांना आपला माणूस कुठं आहे ते कळावं, कोणी कोणाला गुपचूप कोंडून ठेवू नये, यासाठी हे सगळं आहे. शेजाऱ्याची पोरं तपासायला नाही, पण उपयोग दोन्हीसाठी होतो, खरं तेच सांगतो.

साताऱ्यात बघायचं तर आधी पोलीस ठाणं कळायला पाहिजे. शहरातच सातारा शहर, शाहूपुरी आणि सातारा तालुका अशी तीन ठाणी, रस्ता ओलांडला की हद्द बदलते. जिल्ह्यात ११ तालुके. काकांकडं फक्त मुलाचं नाव होतं आणि "पाच-सहा वर्षांपूर्वी, यात्रेत" एवढं मामांनी सांगितलेलं.

मी आधी सोपं म्हणून ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केस बघायच्या सरकारी वेबसाईटवर गेलो. तिथं राज्य, जिल्हा, मग कोर्टाचं संकुल निवडायचं, सातारा वेगळं, कराड वेगळं, कोरेगाव, वडूज, दहिवडी सगळी वेगळी, आणि मग पक्षकाराचं नाव आणि वर्ष. एक वर्ष टाकलं, काही नाही. दुसरं टाकलं, काही नाही. तिसऱ्याला आलं! तेच नाव, वडिलांचंही तेच नाव, आडनाव तेच, दारूबंदी कायदा कलम ६५. काका माझ्या शेजारीच बसले होते, त्यांचा चेहरा उतरला, "झालं तर मग" म्हणून उठायलाच लागले.

मी म्हटलं थांबा काका. खाली पोलीस ठाणं बघितलं तर पाटण बाजूचं. म्हणजे माणूसच वेगळा. आपल्याकडं एका आडनावाची अख्खी गावं आहेत, त्यात नाव-वडिलांचं नाव जुळणं काही अवघड नाही, आणि त्या पोर्टलवर फोटो नाही, वय नाही, काही नाही. त्या पाच मिनिटांत एक स्थळ मोडलं होतं बघा, दुसऱ्याच कुणाच्या केसवरून. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण मी जरा वेळ फोन ठेवून चहा प्यायला गेलो असतो तर काकांनी मामांना फोन केलाच असता.

(दृश्य: पोलीस ठाण्याबाहेरचा फलक, जवळून)

मग उलट्या बाजूनं गेलो. कोर्टातल्या लोकांना विचारा, नावानं शोधू नका म्हणतात, इंग्रजी स्पेलिंगनं घात होतो, ते क्लार्कनं जसं टाईप केलं तसं बसतं. गु.र.नं. आणा. गुन्हा रजिस्टर नंबर. पोलीस ठाणं, गु.र.नं. आणि वर्ष एवढं असलं की ई-कोर्ट्सवर एफआयआर नंबरनं थेट केस निघते. यात्रा कुठली ते कळलं, महिना कळला, पोर्टलवर त्या ठाण्याच्या त्या आठवड्याच्या एफआयआर उघडत बसलो आणि सापडली. मारामारी, गर्दी जमवणे, बारा आरोपी, मुलगा नवव्या नंबरला. अटक झालेली, ठाण्यातच टेबल जामीन, म्हणजे कोर्टात न नेता पोलिसांनीच सोडलेलं.

एक सांगायचं राहिलं, ते महत्त्वाचं आहे. एफआयआर दिसली आणि कोर्टात केस दिसत नाही असं पण होतं. दोषारोपपत्र, म्हणजे पोलिसांचं चार्जशीट, दाखल होईपर्यंत केस नंबरच पडत नाही, फार तर जामिनाचा अर्ज दिसेल. किंवा पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, कोर्टाला पाठवलेली असते, ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी समरी म्हणजे तक्रारच खोटी, सी समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं. बी समरी झालेल्या गुन्ह्याची एफआयआर पण पोर्टलवर तशीच असते. आणि चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधात्मक कारवाई, तडीपारी, हे तहसीलदार, प्रांत नाहीतर पोलीस अधीक्षकांकडं चालतं, ते ई-कोर्ट्सवर शोधून मिळणार नाही. दोषारोपपत्र पण वेबसाईटवर मिळत नाही, ते सार्वजनिक कागद नाही असं सुप्रीम कोर्टानंच २०२३ मध्ये सांगितलंय.

तर गु.र.नं. टाकला आणि केस आली. नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. वर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्ष, हा एकदा लिहून ठेवला की पुन्हा कधी नाव शोधायची गरज नाही. खाली तारखांची रांग. साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. आरोपी क्रमांक चार गैरहजर, पुढची तारीख. असं करत करत अगदी खाली, निकाली. निकालाची पीडीएफ उघडली, मराठीतच होती, पंच फितूर, फिर्यादी म्हणतो अंधार होता, कोणी मारलं सांगता येत नाही. सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता. अपील वगैरे काही नव्हतं, असतं तर ते बहुधा जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात शोधावं लागलं असतं, आणि त्याच्या पुढं हायकोर्टाचं काही असेल तर साताऱ्याचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला गेलंय, आधी त्यासाठी मुंबई.

अटकेची बातमी जिल्हा पानावर आली होती, नावांसकट. मुक्ततेची मी शोधून शोधून दमलो, कुठंच नाही.

काकांचं तरी समाधान होईना. शिक्का असलेला कागद पाहिजे म्हणाले. आता त्रयस्थ माणसानं नक्कल मागायची तर अर्जात कारण द्यावं लागतं, कोर्टाची परवानगी लागते, आरोपीला स्वतःला मात्र सरळ मिळते. मी म्हटलं, काका, मुलालाच विचारा की. दोन दिवस विचार केला त्यांनी, मग फोन लावला.

(दृश्य: घराचा सोपा, टेबलावर प्लास्टिकची फाईल)

मुलगा रविवारी आला, एकटाच, मोटरसायकलवर. फाईलमधून नक्कल काढून समोर ठेवली, घड्यांवर कागद मऊ पडलेला, शेवटच्या पानावर कोर्टाचा गोल शिक्का. म्हणाला, ही निकालानंतर लगेच काढून ठेवली होती, याआधी तीन ठिकाणांहून नकार आला पण विचारलं कुणीच नाही.

काकांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं, बारा जणांची नावं, जबाब, सगळं. शेवटच्या पानावरची ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग फाईल बंद न करता मला म्हणाले, "कोपऱ्यावरून याची एक झेरॉक्स काढून आण रे, मामाला दाखवायचीय."