द्रासची हवा आणि गोळीचा नेम

(पडद्यावर: तळहात, त्यावर दोन काडतुसं)

हे काडतूस ५.५६ मिलिमीटरचं. वजन साधारण १२ ग्रॅम. शेजारचं ७.६२ बाय ५१ (गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) जवळपास दुप्पट, २४ ग्रॅमच्या आसपास. हातात फरक जाणवतही नाही. पण पाठीवर दीडशे-दोनशे गोळ्या घेऊन डोंगर चढणाऱ्या जवानाला तो पावलापावलाला जाणवतो.

आपलं पायदळ गेल्या तीस वर्षांत एका काडतुसाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि परत फिरलं. आधी होती एसएलआर रायफल, ७.६२ ची, जड आणि दणकट. मग आली ५.५६ ची इन्सास. तिचा आराखडा आपल्या पुण्यातला, पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेतला. वजन कमी, गोळ्या जास्त, खांद्याला धक्का कमी. पण १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकली, आणि तो डाग तिला कायमचा चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग ७१६ रायफली घ्यायचं ठरलं, २०२४ मध्ये आणखी ७३,०००. म्हणजे पुन्हा ७.६२ बाय ५१. अमेठी जिल्ह्यातल्या कोरव्यात तयार होणाऱ्या एके-२०३ रायफलचं काडतूस तिसरंच, ७.६२ बाय ३९. त्या काडतुसाची पुंगळी आखूड, म्हणून आतली दारू कमी आणि पल्लाही कमी.

‘५.५६ नुसती जखमी करते, ७.६२ ठार करते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते अर्धवट आहे. ५.५६ ची चार ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिची सगळी ताकद त्या वेगात असते. अंतर वाढलं, वेग गेला, की ताकदही गेली. साडेनऊ ग्रॅमची ७.६२ ची गोळी सुटताना थोडी मंद असते, पण लांबवर दम टिकवते. शत्रू समोरच्या धारेवर बसलेला असेल, तर जड गोळीच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

पण ती लागली तर.

(पडद्यावर: टायगर हिलचा उभा कडा)

हा द्रासजवळचा टायगर हिल. उंची पाच हजार मीटरच्या वर. इथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. हवा विरळ, म्हणून गोळीला अडथळा कमी, आणि सपाटीवर झीरो केलेल्या, म्हणजे नेम जुळवून ठेवलेल्या रायफलची गोळी लांबच्या निशाणावर वर लागते. त्यात कडाक्याची थंडी. गार पडलेली दारू सावकाश जळते आणि सुटतानाचा वेगच घटतो, म्हणजे गोळी खाली. आणि तिसरा हा चढ. तीस अंशांच्या उतारावर लक्ष्य चारशे मीटर दूर दिसतं, पण गोळी खाली खेचली जाते ती सुमारे ३४६ मीटरच्या आडव्या अंतराच्या हिशेबाने. चारशेचा नेम धरला तर गोळी डोक्यावरून जाते, वर मारा किंवा खाली मारा. धाप लागलेल्या जवानाने हे गणित कधी करायचं?

ते आता रायफलीवरची दुर्बीण करते. अमेरिकी सैन्याने २०२२ मध्ये नव्या ६.८ मिलिमीटरच्या रायफलसोबत एक्सएम१५७ ही दुर्बीण निवडली. तिच्यात लेझर अंतर मोजतो, सेन्सर हवेचा दाब आणि तापमान घेतात, आत हिशेब होतो आणि नेमाचा ठिपका योग्य जागी उमटतो. आपल्या नौदलाने घेतलेली इस्रायलची स्मॅश २००० प्लस आणखी पुढे जाते. जवान लक्ष्य पकडतो, चाप दाबून धरतो, पण नेम जुळेपर्यंत गोळी सुटतच नाही. हवेत भिरभिरणाऱ्या ड्रोनवर मारा करायला हे फार मोलाचं आहे.

सिग ७१६ साठी रात्रीच्या दुर्बिणींचा ६५९ कोटींचा करार झाला ऑक्टोबर २०२५ मध्ये. रायफलींची पहिली मागणी २०१९ ची. मधली सहा वर्षं मला खटकतात. रायफल आणि तिची नजर एकाच खरेदीत यायला हवी.

आणि थंडी इथेही सोडत नाही. उणे वीस अंशांत दुर्बिणीचे सेल झपाट्याने उतरतात, म्हणून जादा सेल अंगाच्या उबेत, आतल्या खिशात ठेवावे लागतात. एक्सएम१५७ च्या काचेवर नेमाच्या रेघा कोरलेल्याच आहेत. सेल संपला, ठिपका विझला, तरी त्या रेघा दिसत राहतात. मग अंतराचा अंदाज पुन्हा जवानाच्या डोळ्यांवर.