गोठलेल्या समुद्राकाठी तीन रात्री

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, तीन रात्री मुक्काम घडला. "जूनमध्ये जा, तेव्हा उजेड असतो," असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण मला त्या गावाची थंडीच बघायची होती.

हॉटेल स्टेशनजवळ होतं. बाहेर पारा उणे बारावर, आणि खोलीत मी साध्या सुती कुर्त्यात. शेगडी नाही, हीटरची घरघर नाही. मग कळलं, की शहरभर जमिनीखालच्या नळांतून गरम पाणी खेळवलेलं असतं आणि बहुतेक इमारती त्याच उबेवर चालतात. खिडकीला काचांचे तीन थर. न्हाणीघराची फरशीसुद्धा कोमट! थंडी जणू ज्याची त्याने सोसायची गोष्टच नव्हे. साऱ्या गावाने ती मिळून वाटून घेतली आहे, असं मला पहिल्याच रात्री वाटलं, आणि पुढे पावलोपावली तेच दिसत गेलं.

सकाळच्या न्याहारीला कारेलियन पिराक्का होती. राय धान्याच्या पिठाची पातळ पारी, तिच्यात दुधात शिजवलेला मऊभात, कडा चिमटून मुडपलेल्या. वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून लावायचं. करंजीची मुरड घालणारा हात ती कड लगेच ओळखेल. आणि तिथल्या दालचिनीच्या गोड पावात वेलदोडा असतो, चांगला भरडून घातलेला. इतक्या दूर, परक्या टेबलावर तो वास आला आणि मी क्षणभर थांबलेच.

साडेआठ वाजून गेल्यावर उजाडलं. बाजारचौकातून सुओमेनलिन्ना या बेटांवरच्या जुन्या किल्ल्याला फेरीबोट जाते, पाव तासाचा प्रवास. शहरातल्या ट्रामचंच तिकीट बोटीलाही चालतं. समुद्र पांढरा पडलेला, मधून बोटीने रोज फोडून ठेवलेली काळ्या पाण्याची वाट. बर्फाच्या लाद्या बुडाला घासत, कुरकुरत बाजूला सरत होत्या. मी कठड्याशी उभी राहून तो आवाज ऐकत होते. आत मात्र लोक वाणसामानाच्या पिशव्या घेऊन निवांत बसलेले. कारण या किल्ल्यात आजही सुमारे आठशे माणसं राहतात.

स्वीडनच्या अमलात १७४८ साली या बेटांवर तटबंदीचं काम सुरू झालं. १८०८ मध्ये रशियनांनी वेढा घातला आणि किल्ल्याने शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी फिनलंडच रशियाकडे गेलं. स्वातंत्र्य मिळालं ते १९१७ मध्ये. तटावरून चालताना मला सारखा आपला सिंधुदुर्ग आठवत होता. तोही बेटावरचा, तिथेही तटाच्या आत काही घरं अजून नांदती आहेत. फक्त इथे तोफांवर बर्फाची गादी साचलेली, आणि तटाखाली लाटांचा आवाजच नाही. समुद्र असून गाज नाही, याची सवय व्हायला वेळ लागतो.

परतल्यावर पांढरं कॅथेड्रल पाहिलं, खडक कोरून केलेलं तेंपेलियाउकिओ चर्चही पाहिलं. दोन्ही सुंदर. पण संध्याकाळी हॉटेलच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या गरम खोलीत, जे अनुभवलं ते जास्त जवळचं वाटतं. साडेपंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात सौना तीस लाखांच्या घरात आहेत. बायकांची वेळ वेगळी होती. आधी स्वच्छ अंघोळ, मग लाकडी फळ्यांवर बसायचं. तापल्या दगडांवर पाणी ओतलं की उठणाऱ्या वाफेला त्यांच्याकडे खास शब्द आहे, लोयलू. एक वयस्क बाई पळी हातात घेऊन दर वेळी आमच्याकडे बघायच्या, "टाकू का?" असं विचारायच्या, आणि सगळ्यांनी मान हलवली की मगच पाणी टाकायच्या.

तुम्ही हिवाळ्यात जाणार असाल, तर एकच जाड कोट घेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला, आणि बूट खाचदार तळव्याचे घ्या. निसरड्या फुटपाथवर बारीक खडी टाकलेली असते, तरी जपूनच. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं पाणी पाइयान्ने सरोवरातून, खडकातल्या १२० किलोमीटर लांब बोगद्यातून येतं, आणि फार गोड लागतं.

शेवटची संध्याकाळ ओडी वाचनालयात गेली. संसदेच्या समोर, २०१८ च्या डिसेंबरात, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ते लोकांसाठी उघडलं. आत जायला ना कार्ड, ना पैसे. वरच्या मजल्यावर पुस्तकं, मधल्या मजल्यावर चक्क शिवणयंत्रं. साडेचार वाजून गेले होते, बाहेर अंधार दाटत होता. एका यंत्रावर एक आजोबा कोटाचं फाटलेलं अस्तर शिवत बसले होते. शेजारच्या मुलीने त्यांना सुईत दोरा ओवून दिला. त्यांनी टीप मारली, कोट उलटा करून दिव्यापाशी धरला, अंगावर चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि ते बर्फात बाहेर पडले.