घरातलं ऑफिस आणि दुसऱ्यांचे कागद

नमस्कार मंडळी. घरून काम करणाऱ्यांशी आज जरा बोलायचंय, तुमच्या टेबलावर पडलेल्या कागदांबद्दल. कुणाची पगाराची स्लिप, कुणाचा मेडिकल रिपोर्ट, कुणाच्या केसची फाईल, ते तुमचं नाहीये हो, कुणीतरी विश्वासानं सोपवलंय, आणि ऑफिसात त्याला कुलूपबंद कपाट असतं, घरी मात्र ते जेवणाच्या टेबलावर पसरलेलं असतं.

आता वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा लावा, राउटरचा मूळ पासवर्ड बदला, लॅपटॉपवर डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवणारं बिटलॉकर (विंडोजवर) किंवा फाईलव्हॉल्ट (मॅकवर) चालू आहे ना ते बघा, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी डिस्क काढून कुणाला आतलं वाचता येणार नाही. फक्त रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा कोड, त्याच बॅगेत ठेवू नका.

पण मला खरी काळजी वाटते ती कागदाची. प्रिंटरमध्ये पान अडकतं, आपण वैतागून तसंच सोडून उठतो, आणि संध्याकाळी मुलगी प्रोजेक्टची प्रिंट काढायला जाते तेव्हा मेमरीत राहिलेलं तेच पान आधी बाहेर येतं, कुणाच्या तरी नावापत्त्यासकट. म्हणून उठण्याआधी प्रिंट क्यू, म्हणजे छपाईसाठी थांबलेल्या पानांची रांग, रिकामी करा. आणि चुकलेली प्रिंट दोनदा फाडून रद्दीत टाकली की काम झालं असं नसतं, नुसत्या उभ्या पट्ट्या करणारं श्रेडरही पुरत नाही, त्या पट्ट्या जुळवता येतात. बारीक तुकडे करणारं क्रॉस-कट घ्या, त्यावर पी-४ ही सुरक्षेची पातळी लिहिलेली बघा, म्हणजे एक तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा.

घरच्यांवर संशय घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट जे त्यांना माहीतच नाही ते चुकून बोलून जाण्याचं ओझंही त्यांच्यावर येत नाही. म्हणून पाणी प्यायला उठलात तरी विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा, क्लायंटचा फोन बाल्कनीत घेऊ नका, आणि कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर तर काढूच नका, तो बऱ्याचदा आपोआप क्लाउडवर चढतो आणि फॅमिलीच्या शेअर्ड अल्बममध्ये सगळ्यांना दिसू शकतो.

आणि एवढं करूनही एखादी फाईल किंवा पेनड्राइव्ह हरवलाच, तर घरभर शोधत दोन दिवस घालवू नका, लगेच ऑफिसला कळवा. लाज वाटते, कळतं मला, पण ज्याची माहिती गेली त्याला वेळेत सावध करायचं असेल तर ऑफिसला ते आजच कळायला हवं.